नानांचे पेपर, एच-इंडेक्स ७ आणि बुटाच्या खोक्यातली कार्डं

सुरसागरकाठी:

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. प्रश्न एका ओळीत मावणारा नाही.

माझे वडील, आमचे नाना, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायचे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. दांडिया बाजारातलं जुनं घर आता रिकामं करायचं आहे, म्हणून दर रविवारी मी आणि आई माळा उतरवत बसतो. मागच्या आठवड्यात भाचा आला होता. तो बंगळूरला केमिस्ट्रीतच पीएच.डी. करतोय. आजोबांच्या पेपरांचं बाड बघून त्याने मोबाइलवर गूगल स्कॉलर उघडलं, दहा मिनिटं काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "मावशी, आजोबांचा एच-इंडेक्स सात येतोय." त्याच्या मनात काही नव्हतं. पण आईने लगेच विचारलं, "सात म्हणजे कितीपैकी?"

तो गप्प झाला. मीही झाले. मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला यातलं काय कळणार? पण आईचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

नानांचं काम थोडं सांगते. चूक असेल तर दुरुस्त करा. १९६०च्या दशकात ते इथेच एम.एस्सी.ला होते. तेव्हा विभागात सुरेश सेठना सर होते आणि कुमारिन या एका कुटुंबातल्या संयुगांवर जोरात काम चालायचं. नाना त्यातच शिरले आणि निवृत्त होईपर्यंत त्यातून बाहेर पडले नाहीत. त्यांचे बरेचसे पेपर फ्युरोकुमारिनवर आहेत. आपल्या बावचीच्या बियांत असतं ते सोरालेन याच जातीतलं, एवढं मला माहीत आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसायला सांगतात ते का, हे नानांनी मला शाळेत असताना समजावलं होतं. ते औषध उजेड पडल्याशिवाय काम करत नाही.

आता खोक्याबद्दल. माळ्यावर बुटाचं एक खोकं सापडलं, सुतळीने बांधलेलं. आत पोस्टकार्डं. प्राग, बुडापेस्ट, हाले, कैरो, ओसाका, कुठून कुठून आलेली. बहुतेकांवर छापील मजकूर आहे: आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. रिकाम्या जागेत लेखाचं नाव टाइप केलेलं किंवा हाताने लिहिलेलं. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात नानांच्या अक्षरात पेन्सिलीची बरोबरची खूण आणि प्रत रवाना केल्याची तारीख. मी मोजली, २१४ आहेत. बऱ्याच कार्डांचा तिकिटाचा कोपरा कापलेला आहे. तो माझ्या दादाचा उद्योग, त्याला लहानपणी तिकिटं जमवायचा नाद होता.

तर मला विचारायचंय ते असं. हे सात म्हणजे नक्की काय? ते इतकं कमी का? आणि या कार्डांना काही किंमत आहे का, की रद्दीत द्यावीत? आई म्हणते रद्दीत देऊ नकोस. कारण मात्र सांगत नाही.

कोनिकल_फ्लास्क:

ताई, आधी नानांना नमस्कार. मी याच विषयात शिकवतो (बडोद्यात नाही), म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

एच-इंडेक्स कशापैकीच नसतो. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. माणसाचे सगळे पेपर उतरत्या क्रमाने मांडायचे, सर्वांत जास्त वेळा उल्लेखलेला वर. मग वरून मोजत यायचं. सातव्या पेपरला निदान सात सायटेशन (म्हणजे दुसऱ्या लेखांत झालेले त्याचे उल्लेख) आहेत आणि आठव्याला आठ नाहीत, तर इंडेक्स ७. आईंना सांगा, हे परीक्षेचे गुण नव्हेत.

त्यात मोठी खोट आहे. समजा एखाद्याने आयुष्यात तीनच लेख लिहिले आणि ते तिन्ही जगभर हजारो लोकांनी वापरले. त्याचा एच-इंडेक्स किती? तीन. जितके लेख त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. म्हणजे थोडं पण नेटकं लिहिणाऱ्याला तो पहिल्यापासूनच मागे टाकतो.

आकडा कमी येण्याचं दुसरं कारण जास्त साधं आहे. त्या पिढीचे पेपर कुठे छापून आले ते बघा. जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी, करंट सायन्स, इंडियन अकॅडमीचं प्रोसीडिंग्ज, १९६३ नंतर इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री. यातले कितीतरी अंक संगणकावर उशिरा आले, काही अर्धवट आले. स्कॅन वाचताना यंत्र आद्याक्षरं चुकवतं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मधे की नाही, यावरून एकाच माणसाची चार माणसं होतात. भाच्याला सांगा, नानांचं नाव जितक्या प्रकारे छापलं गेलं असेल तितक्या प्रकारे शोध. सातचे अकरा झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि एक मनातलं बोलतो. मागे मी एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो, ठिकाण सांगत नाही. समोर पाच जण होते. माझ्या एकाही पेपरमधली रिॲक्शन कोणी विचारली नाही. एच-इंडेक्स विचारला, कागदावर लिहून घेतला, धन्यवाद म्हणाले. चार मिनिटं. ज्या एका संयुगाच्या शुद्धीकरणावर मी अकरा महिने घालवले त्याबद्दल बोलायची तयारी करून गेलो होतो. त्या दिवसापासून हा आकडा कोणी विचारला की पोटात कालवतं. म्हणून तुमच्या आईंचा प्रश्न मला फार लागला.

ग्रंथालयी:

ताई, ती कार्डं कृपा करून रद्दीत देऊ नका! मी ३१ वर्षं विज्ञानाच्या ग्रंथालयात काढली आहेत. त्या कार्डांना रीप्रिंट रिक्वेस्ट कार्ड म्हणायचे. झेरॉक्स सर्रास नव्हतं तेव्हा परदेशातला संशोधक लेखकालाच कार्ड टाकायचा. लेखकाकडे छापखान्यातून २५ किंवा ५० जास्तीच्या प्रती आलेल्या असायच्या, त्यातली एक तो स्वतःच्या खर्चाने पाठवायचा. तुमच्या नानांनी २१४ वेळा पोस्टाचं तिकीट लावलं, हे लक्षात घ्या.

यातली एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. आजच्या सायटेशनच्या आकड्यामागे आणि तुमच्या खोक्यातल्या कार्डांमागे माणूस एकच आहे. यूजीन गारफिल्ड. मूळचा रसायनशास्त्राचाच पदवीधर. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघायची, कोणता निकाल पुढे कुठल्या खटल्यात उल्लेखला गेला ते दाखवणारी. गारफिल्डने १९५५ साली मांडलं की विज्ञानाच्या लेखांसाठीही असं करता येईल, आणि १९६४ला सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. त्याचा हेतू लेख शोधण्याचा होता. एक जुना लेख हातात असेल तर पुढे तो कोणी वापरला ते बघायचं आणि धागा पकडून पुढे जायचं. माणसं तोलायला त्याचा उपयोग नंतर सुरू झाला.

याच गारफिल्डचं दुसरं प्रकाशन करंट कंटेंट्स. आठवड्याच्या आठवड्याला नियतकालिकांच्या अनुक्रमणिका छापायच्या आणि मागे लेखकांचे पत्ते. आमच्याकडे तो अंक आला की प्राध्यापक मंडळी त्यावर तुटून पडायची. नानांचा पत्ता प्रागच्या माणसाला मिळाला तो बहुधा तिथूनच, नाहीतर केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स ही रसायनाच्या लेखांच्या सारांशांची सूची बघून.

कोनिकल_फ्लास्क यांच्या मुद्द्यात एक भर. स्कोपस ही लेखांची आणि सायटेशनची संगणकीय सूची. ते २००४ साली निघालं तेव्हा त्यात लेखांच्या संदर्भयाद्या १९९६ पासूनच्याच होत्या. पुढे त्या १९७० पर्यंत मागे नेल्या. १९६५चा तुमचा लेख १९६८ साली कोणी उल्लेखला असेल तर तो उल्लेख तिथे शोधून मिळणार नाही. पण कदाचित त्याच उल्लेखाआधीचं कार्ड तुमच्या खोक्यात असेल.

कार्डांची वर्षवार यादी करा. पाठवणारा, गाव, देश, लेख, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख. मी कारेलीबागेत राहते, मदतीला येईन.

मांजलपूरकर:

विषय माझा नाही, तरी विचारतो. आईला झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासावा लागतो. डॉक्टर बोलताना कुमारिन असं काहीतरी म्हणाले होते. हेच का ते?

जुना_केमिस्ट:

मांजलपूरकर, हेच. अमेरिकेत सडलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यातून डायकुमारॉल वेगळं केलं. पुढे त्याच धर्तीवर वॉरफरिन आलं, आधी उंदरांसाठी १९४८ला आणि १९५४ पासून माणसांसाठी. आईंची गोळी वॉरफरिन असो की ॲसेनोकुमारॉल, सांगाडा कुमारिनचाच. आयएनआर चुकवू नका, आणि पालेभाज्या एका दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, असं करू नका.

आता ताईंसाठी. बेटा, मी तुझ्या नानांच्याच आगेमागे शिकलो असेन. सेठना सरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पेश्मान रिॲक्शन ही १८८०च्या दशकातली, जर्मन. फिनॉल आणि बीटा-कीटो एस्टर आम्लात एकत्र केलं की कुमारिन. आम्ही प्रॅक्टिकलला करायचो. बर्फाच्या भांड्यात गंधकाम्लाचा फ्लास्क, वरून रिसॉर्सिनॉल आणि इथाइल ॲसिटोॲसिटेटचं मिश्रण थेंबथेंब. तापमान दहाच्या वर गेलं की सर मागून खांद्यावर हात ठेवायचे. रात्रभर ठेवून सकाळी सगळं फोडलेल्या बर्फावर ओतायचं. आधी काहीच दिसत नाही, मग एकदम दुधी-पिवळा साका बसतो. गाळून, धुऊन, अल्कोहोलमधून स्फटिक काढले की सुयांसारखे. वितळणांक १८५ अंशांच्या आसपास. आणि तो चिमूटभर अल्कलीत विरघळवून खिडकीत उन्हात धरला की निळी झळाळी! पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हात धुवायचंही विसरलो होतो. तेच संयुग साखरेला जोडून आज पाण्यातला ई. कोलाय ओळखायला वापरतात. जंतूने साखर तोडली की निळा उजेड पडतो.

या रिॲक्शनवरचं जगातलं आधारभूत प्रकरण कोणी लिहिलंय? 'ऑर्गॅनिक रिॲक्शन्स' ग्रंथमालेचा सातवा खंड, १९५३, पहिलंच प्रकरण: सुरेश सेठना आणि रागिणी फडके. पाऊणशे वर्षांपूर्वी दोन भारतीय नावं त्या पानावर. त्यांतलं एक बाईचं, आणि आपल्यातल्या आडनावाचं. आम्हाला त्याचा किती अभिमान होता, सांगता येत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर एकही सायटेशन नाही. ३४ वर्षं कारखान्यात होतो. एका इंटरमीडिएटचं, म्हणजे मधल्या टप्प्यातल्या रसायनाचं, यील्ड (हाती येणारा माल) ६१ वरून ७८ टक्क्यांवर आणलं, दोन मॉन्सून त्यात गेले. ते कारखान्याच्या वहीत राहिलं, बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. बडोद्याचं बरंचसं रसायन असंच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९०ला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, त्यामागे त्रिभुवनदास गज्जर होते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर चाफेकरांनी फासलेलं डांबर ज्यांनी उतरवून दाखवलं तेच ते. १९०७ला अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली ती गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या हातून. यांचा इंडेक्स कोण काढणार? माझं तर मत झालंय की हे आकडे केमिस्टसाठी निरुपयोगी आहेत. नानांचा सात विसरून जा.

सह्याद्री_७:

जुना_केमिस्ट काका, आदर राखून असहमत. मी पुण्यात संशोधन करते. आकडा एकटा घेतला तर फसवा, मान्य. पण सायटेशन निरुपयोगी नाहीत. त्यांच्यामुळेच तर सेठनांची नावं आजही आमच्यासमोर येतात. १९४५ला सेठना आणि शाह यांचा कुमारिनच्या रसायनावरचा लेख 'केमिकल रिव्ह्यूज'मध्ये आला, १९५१ला सेठनांचा एल्ब्स परसल्फेट ऑक्सिडेशनवरचा, १९५३ला तुम्ही म्हणता ते प्रकरण. आजही पेश्मानसाठी कोणी नवा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ) काढला की संदर्भयादीत हे प्रकरण असतं. ज्यांनी यादीतून नाव उचललं त्यांतल्या निम्म्यांनी ते वाचलं नसेल, पण उरलेल्यांनी वाचलंय. मी वाचलंय. कुठल्या फिनॉलवर रिॲक्शन नीट होते, कुठे अडते, कुठे कुमारिनऐवजी क्रोमोन हे वेगळंच संयुग हाती लागतं, याचा एवढा निगुतीने केलेला हिशेब माझ्या कितीतरी दिवसांची मेहनत वाचवून गेला.

मुद्दा असा की सायटेशन मोजण्याऐवजी उघडून वाचायला हवीत. सगळी सारख्या वजनाची नसतात. सर्वाधिक उल्लेखलेला पेपर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१चा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीचा. ३ लाखांहून जास्त सायटेशन. आमच्या क्षेत्रात स्टिल, कान आणि मित्रा यांचा १९७८चा फ्लॅश क्रोमॅटोग्राफीचा लेख घ्या. त्याआधी मिश्रणातली संयुगं वेगळी करायला काचेच्या नळीचा कॉलम लावला की थेंब पडायची वाट बघत दिवस जायचा. वरून हवेचा दाब दिला की काम मिनिटांवर येतं. या लेखात एकही नवं संयुग नाही, तरी जगभरच्या केमिस्टचे तास त्याने वाचवले. त्याच्या उलट, पेपरच्या पहिल्या वाक्यात 'कुमारिन संयुगांना औषधी महत्त्व आहे' असं लिहून एक ते बारा संदर्भ एकदम टाकलेले असतात. दोन्हींची मोजणी मात्र एक-एकच.

आणि काही कामं इतकी मुरतात की उल्लेखच थांबतो. आज ग्रिन्यार्ड ही रोजची रिॲक्शन करताना मूळ लेखाचा संदर्भ कोण देतं? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी यावर लिहून ठेवलंय. काही कामं उलट चाळीस वर्षांनी उजळतात. हूसगेनचं १९६०च्या दशकातलं ॲझाइड-अल्काइनचं काम २००१ नंतर क्लिक केमिस्ट्रीमुळे (रेणू चटकन आणि खात्रीने जोडायच्या रीतीमुळे) एकदम सगळीकडे दिसायला लागलं.

ताई, एक सुचवते. नानांच्या पेपरना उल्लेखणारे लेख उघडा आणि मागच्या प्रयोगाच्या भागात, तक्त्यांत बघा. आमच्याकडे संयुग बनवलं की त्याचा वितळणांक लिहितात आणि शेजारी 'लिट.' असं लिहून आधीच्या माणसाचा वितळणांक देतात, त्याच्या पेपरच्या संदर्भासकट. माझ्या मते केमिस्टला मिळणारं सर्वांत प्रामाणिक सायटेशन ते. कोणीतरी तुमचं संयुग स्वतःच्या हाताने पुन्हा बनवलेलं असतं.

जुना_केमिस्ट:

सह्याद्री, बरोबर आहे तुझं. निरुपयोगी म्हणालो तो शब्द मागे घेतो. वितळणांकाचं मला सुचायला हवं होतं.

कोनिकल_फ्लास्क:

+१. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आजपासून सांगणार. ताई, काही सापडलं तर इथे नक्की लिहा.

सुरसागरकाठी:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. भाच्याला सह्याद्री यांचा प्रतिसाद पाठवला होता. तो चार रात्री बसला. नानांचं नाव पाच तऱ्हांनी छापलेलं निघालं, ती सगळी जोडल्यावर इंडेक्स आता ९ आहे. पण ते सोडा.

त्याला २०१२चा एक लेख सापडला, परदेशातला. त्यात फ्युरोकुमारिनचा तक्ता आहे, १४ संयुगं. सहाव्या ओळीत त्यांना मिळालेला वितळणांक १७१ ते १७२, पुढे कंसात लिट. १७२, आणि त्यापुढे जो संदर्भाचा आकडा आहे तो नानांच्या १९६९च्या पेपरचा. त्याच तक्त्यात नवव्या ओळीत पुन्हा नाना. तिथेही एका अंशाचा फरक. भाच्याने सांगितलं की १९६९ला नानांकडे आजची यंत्रं नव्हती. वितळणांक काढायचे ते काचेच्या बारीक नळीत कण भरून, तेलात बुडवून, खाली बर्नर धरून, डोळ्यांनी बघत.

मी ते आईला वाचून दाखवलं. कुमारिन वगैरे सगळं सांगितलं, आकडे दोनदा वाचले. ती म्हणाली, "तीनदा करायचे ते. दोनदा सारखं आलं तरी तिसऱ्यांदा करायचे. जेवायला म्हणून यायचे ते चार वाजता." मग जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे बरोबर होतं."

कार्डांबद्दल पण तिने सांगितलं. त्या प्रती पाकिटात घालून पत्ते चिकटवायचं काम तिचं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. प्राग हे गाव आहे हे तिला तेव्हा कळलं, म्हणाली. म्हणून ती रद्दीत देऊ देत नव्हती.

जुना_केमिस्ट काका, तुम्ही लिहिलेली निळी झळाळी तिने पण बघितली आहे. नानांनी एकदा घरी बाटली आणून गच्चीत उन्हात धरली होती.

ग्रंथालयी ताई, या रविवारी पाच वाजता येऊ शकाल का? यादीची वही आखून ठेवते. ८० कार्डांवरचा शिक्का तिकिटासकट कापला गेलाय, त्यामुळे ती कधीची हे कळत नाही. दादाला फोन केला होता. त्याचा तिकिटांचा अल्बम अजून त्याच्याकडे आहे आणि तिकिटांवर शिक्क्याचे अर्धे गोल शाबूत आहेत म्हणतो. तो शनिवारच्या गाडीने अल्बम घेऊन येतोय. बसून कोपरे जुळवू.